स्टुडिओ बघून झाला, आता तुझी कॉपी कोण तपासणार ते विचार

पत्राचा गोषवारा: पत्र पाठवणाऱ्या मुलीचं शाळेतलं शेवटचं वर्ष नुकतंच संपलं आहे. तिला पत्रकार व्हायचं आहे. एका खासगी विद्यापीठात 'संवाद आणि पत्रकारिता' या चार वर्षांच्या पदवीला तिला प्रवेश मिळाला आहे. फी घरच्यांच्या आवाक्याबाहेरची आहे, तरी वडील कर्ज काढायला तयार आहेत. दुसरीकडे एका सरकारी कॉलेजात अर्थशास्त्राची जागा मिळते आहे आणि तिथली फी बेताची आहे. वर्तमानपत्रात वर्षानुवर्षं काम केलेला मामा म्हणतो, 'पत्रकारिता वर्गात बसून येत नाही, आणि आता एआय आल्यावर नोकऱ्या तरी कुठे उरणार?' विद्यापीठ बघायला गेल्यावर तिथल्या स्टुडिओने ती भारावून गेली. पण ती स्वभावाने बुजरी आहे, कॅमेऱ्यासमोर शब्द फुटत नाहीत. 'इथे गेले नाही तर माध्यमांचं दार मला कायमचं बंद होईल का? आणि माझ्यासारखीने या वाटेला जावंच का?' असं ती विचारते. पहिला हप्ता भरायला पंधरा दिवस उरले आहेत.

प्रिय मैत्रिणी,

आधी तुझ्या भीतीबद्दल बोलू, कारण ती डोक्यात असताना पुढचं काही नीट सुचणार नाही. दार बंद होणार नाही. डॉक्टर किंवा वकील व्हायला ठरावीक पदवी लागते, तिच्याशिवाय काम करताच येत नाही. बातमी लिहायला जगातल्या बहुतेक देशांत तशी अट नाही. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना पद सोडायला लावणारं वॉटरगेट प्रकरण १९७२ पासून लावून धरणाऱ्या दोघा वार्ताहरांपैकी बॉब वुडवर्ड येल विद्यापीठात इतिहास आणि इंग्रजी साहित्य शिकले होते. कार्ल बर्नस्टीन यांनी तर पदवी पूर्णच केली नव्हती. २०२१ साली शांततेचं नोबेल मिळालेल्या पत्रकार मारिया रेसा प्रिन्स्टन विद्यापीठात इंग्रजीच्या विद्यार्थिनी होत्या. आता उलट उदाहरण. २०१५ साली साहित्याचं नोबेल मिळालेल्या स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी मिन्स्कच्या विद्यापीठातून पत्रकारितेचीच पदवी घेतली आणि पुढे माणसांच्या मुलाखती घेऊन घेऊन आपली पुस्तकं उभी केली. जर्मनीत बरेच जण आधी दुसराच विषय शिकतात आणि मग एखाद्या वृत्तपत्रात किंवा वाहिनीत साधारण दोन वर्षांची पगारी उमेदवारी करतात. वाटा पुष्कळ आहेत. तुला त्यातली एक निवडायची आहे, आणि ती चुकली तर बदलताही येते.

मामाचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. ज्यांनी वृत्तपत्राच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासत, रात्री काढल्या त्यांना वर्गातली पत्रकारिता पोकळ वाटते, यात नवल नाही. हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेतले वृत्तपत्रमालक जोसेफ पुलित्झर यांनी १८९२ साली तिथल्या कोलंबिया विद्यापीठाला पत्रकारितेची शाळा काढण्यासाठी पैसे देऊ केले, तेव्हा विद्यापीठाने नकार दिला होता. पत्रकार जन्मावा लागतो, शिकवून घडत नाही, असं म्हणणाऱ्यांना पुलित्झर यांनी १९०४ साली एक लांबलचक लेख लिहून उत्तर दिलं. शाळा सुरू झाली १९१२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. त्या लेखात पत्रकाराने काय काय शिकावं याचं मोठं विवेचन आहे. त्यात कायदा आहे, इतिहास, अर्थशास्त्र, सांख्यिकी आहे, नीतिमत्ता आहे. वृत्तपत्राचा धंदा कसा चालवावा हे विद्यापीठात शिकवायला त्यांचा ठाम विरोध होता, आणि ते स्वतः अत्यंत यशस्वी वृत्तपत्रमालक होते. तुझ्या हातात जो अभ्यासक्रम आहे तो या नजरेने एकदा चाळून बघ. चार वर्षांत कायदा किती आहे? आकडे वाचायला शिकवणारा एक तरी विषय आहे का? की 'ब्रँडिंग', 'इव्हेंट मॅनेजमेंट', 'सोशल मीडिया स्ट्रॅटेजी' यांनीच सेमिस्टरं भरली आहेत?

मामा म्हणतो त्याहून वेगळा अनुभवही त्याच काळातला आहे. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठात १९०८ साली पत्रकारितेची शाळा सुरू झाली. वर्ग भरले त्याच दिवशी विद्यार्थ्यांनी काढलेल्या दैनिकाचा पहिला अंकही निघाला. ते वृत्तपत्र वेगळ्या नावाने आजही चालू आहे. बातम्या विद्यार्थी आणतात, संपादक व्यावसायिक असतात, आणि वाचक म्हणजे त्या गावातले लोक. चूक झाली तर गावातला माणूस फोन करून झापतो. मामा ज्याला 'काम करता करता शिकणं' म्हणतो, ते विद्यापीठाच्या आत आणता येतं. प्रश्न एवढाच की तुझ्या विद्यापीठाने ते आणलंय का.

आणि इथे मला तुझ्या पत्राबद्दल एक गोष्ट सांगायची आहे. स्टुडिओबद्दल तू अर्धं पान लिहिलंयस. दिवे, हिरवा पडदा, टेलिप्रॉम्प्टर, तीन कॅमेरे. शिकवणार कोण, याबद्दल एक ओळही नाही. हा तुझा दोष नाही, दाखवणाऱ्यांनी तुला तेवढंच दाखवलं. पण कॅमेरा चालवायला काही आठवड्यांत जमतं, आणि चार वर्षांनी तू बाहेर पडशील तेव्हा तो कॅमेरा जुना झालेला असेल. जे जमायला वर्षं लागतात ते स्टुडिओत दिसत नाही.

ते काय असतं ते दाखवते. समजा, कॉलेजच्या ग्रंथालयाची वेळ कमी केली म्हणून विद्यार्थ्यांनी सभा घेतली, आणि पहिल्या वर्षाच्या मुलीने बातमी लिहून दिली: 'ग्रंथालयाच्या वेळेसंदर्भात विद्यार्थ्यांची सभा मोठ्या उत्साहात पार पडली. यावेळी अनेक विद्यार्थी उपस्थित होते. विद्यार्थ्यांमध्ये नाराजी असल्याचे समजते.' डेस्कवर काम करणाऱ्या कुणालाही ही कॉपी, म्हणजे छापायला दिलेला बातमीचा मजकूर, ओळखीची वाटेल. आता चांगला शिक्षक काय करतो? 'उत्साहात'भोवती गोल करतो आणि समासात लिहितो: सभा निषेधाची होती ना? 'अनेक' खोडतो: मोजले होतेस? 'समजते' खोडतो: कुणाकडून? खाली आणखी लिहितो: वेळ आधी काय होती, आता काय आहे, कधीपासून, आणि का? ग्रंथपालांना विचारलंस? मग ती मुलगी कुरकुरत ग्रंथालयात जाते, काउंटरवर ताटकळते, आणि तिला कळतं की रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याची जागा सेमिस्टर सुरू झाल्यापासून रिकामी आहे. दुसऱ्या खेपेला इंट्रो, म्हणजे बातमीचं पहिलं वाक्य, असा येतो: 'रात्रपाळीला कर्मचारी न नेमल्याने ग्रंथालय आता दहाऐवजी आठ वाजताच बंद होते.' खरी बातमी ही होती, आणि आधीच्या तीन वाक्यांत तिचा मागमूसही नव्हता.

पत्रकारितेचं शिक्षण मुख्यतः हेच आहे. लिहायचं, कुणीतरी ते निर्दयपणे तपासायचं, परत जाऊन विचारायचं, पुन्हा लिहायचं. एका वर्गात शंभर मुलं कोंबली की हे होत नाही, कारण शंभर कॉप्या अशा तपासायला माणसाला वेळच पुरत नाही. मग नेमून दिलेली असाइनमेंट, पीपीटी आणि हजेरी यांवर वर्ष निघून जातं. म्हणून फी किती, याच्याआधी मी विचारीन की एका शिक्षकामागे मुलं किती, आणि त्या शिक्षकाने स्वतः कधी बातमीदारी केली आहे का. खासगी विद्यापीठाचं एक खरं बलस्थान इथेच असू शकतं. तुकड्या लहान ठेवणं, काम करणाऱ्या संपादकांना शिकवायला बोलावणं, अभ्यासक्रम झटपट बदलणं त्यांना जमू शकतं. जमवतात की नाही, हे तुला तिथे शिकणाऱ्या मुलांकडूनच कळेल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि एवढंच म्हण: 'तुमची तपासलेली एखादी कॉपी दाखवाल का?' कुणाकडे लाल खुणांनी भरलेला कागद निघाला तर ती जागा विचार करण्याजोगी आहे. सगळे एकमेकांकडे बघायला लागले तर काय समजायचं ते तुला समजेल.

आता 'खासगी' या शब्दाकडे जरा थांबून बघू. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यासाठी त्याचा एक अर्थ असा, की जी संस्था तुला प्रश्न विचारायला शिकवते तीच विद्यार्थी-अंकाची मालकीण असू शकते. अमेरिकेत बोलण्याचं आणि छापण्याचं स्वातंत्र्य जपणारी राज्यघटनेतली पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, त्यामुळे सरकारी विद्यापीठाला विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राची मुस्कटदाबी करणं अवघड जातं. खासगी विद्यापीठावर मात्र ते बंधन थेट लागू होत नाही. कॅलिफोर्नियाने १९९२ साली वेगळा कायदा करून धर्मसंस्थांची वगळता इतर खासगी कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांनाही ते संरक्षण दिलं. म्हणजे हा प्रश्न काल्पनिक नाही, त्यावर कायदा करावा लागला आहे. दुसरीकडे हार्वर्ड आणि येल ही दोन्ही विद्यापीठं खासगी, आणि पदवीला पत्रकारिता हा मुख्य विषय दोन्हीकडे नाही. तरी तिथली विद्यार्थी-वृत्तपत्रं अनुक्रमे १८७३ आणि १८७८ पासून निघताहेत, विद्यार्थीच ती चालवतात, आणि तिथून निघालेले कितीतरी जण पुढे नामांकित पत्रकार झाले. यावरून मी तरी असं धरते की विषयाच्या नावापेक्षा मोकळा विद्यार्थी-अंक जास्त शिकवतो.

तेव्हा तुझ्या विद्यापीठाच्या विद्यार्थी-अंकाचे जुने अंक मागून वाच. कुलगुरूंच्या हस्ते उद्घाटन, संस्थापकांचा वाढदिवस, पारितोषिक वितरण, एवढंच भेटतंय का? की वसतिगृहातल्या पाण्याबद्दल, फीवाढीबद्दल, एखाद्या शिक्षकाने मध्येच नोकरी सोडल्याबद्दल कुणी लिहिलंय? वर्षभरात विद्यापीठाला अडचणीची वाटावी अशी एकही बातमी नसेल, तर तिथे तुला जनसंपर्क शिकायला मिळेल. जनसंपर्क हा वाईट पेशा नाही, पण तू मागते आहेस ते ते नाही.

यावरून पदवीच्या नावाकडे येते. 'संवाद' आणि 'पत्रकारिता' हे दोन शब्द एका पाटीवर असले तरी दोन वेगळी घरं आहेत. संवादशास्त्रात संदेश कुणाकडून कुणाकडे जातो, लोकांवर त्याचा काय परिणाम होतो याचा अभ्यास असतो. मॅककोम्ब्ज आणि शॉ या दोघा संशोधकांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीच्या वेळी मतदारांना महत्त्वाचे वाटणारे प्रश्न आणि माध्यमांनी उचलून धरलेले प्रश्न यांची तुलना केली. दोन्ही याद्या कमालीच्या जुळल्या. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातून 'अजेंडा सेटिंग'ची, म्हणजे लोकांना कोणते प्रश्न महत्त्वाचे वाटावेत हे माध्यमं ठरवतात ही, कल्पना रुजली. हे शिकण्यासारखं आहे, पत्रकाराला तर आरशासारखं उपयोगी आहे. पण हे शिकलं म्हणून न्यायालयाचा निकाल वाचून तासाभरात बातमी देता येत नाही. जाहिरात, चित्रपट, जनसंपर्क, कंपन्यांची अंतर्गत माहितीपत्रकं हे सगळंही याच छत्राखाली येतं. पदवी कुणीकडे झुकलेली आहे ते तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या विषयांवरून कळतं. पहिलं वर्ष सगळीकडे सारखंच दिसतं.

'शंभर टक्के प्लेसमेंट' ही ओळ माहितीपत्रकात आहे, असं तू लिहिलंस. त्यांना विचार, मागच्या तीन तुकड्यांमधली मुलं आज कुठे काम करतात? पहिली नोकरी कुठे लागली एवढं पुरेसं नाही, आज कुठे आहेत ते हवं. त्यातली बातमीच्या कामात किती? बाकीची जाहिरात कंपनीत, एखाद्या ब्रँडची पोस्ट लिहिण्यात किंवा कॉल सेंटरमध्ये असतील, तर तो आकडा खोटा नाही, पण तुझ्या कामाचाही नाही. माजी विद्यार्थी समाजमाध्यमांवर सहज सापडतात. विद्यापीठाने निवडून दिलेल्या तिघांशी बोलू नकोस, आपण होऊन शोधलेल्यांशी बोल.

आता कर्ज. यावर मी थोडी कठोर होणार आहे. पत्रकारितेत सुरुवातीचा पगार बहुतेक ठिकाणी कमी असतो आणि पहिली काही वर्षं तो कमीच राहतो. कर्जाचा हप्ता पगाराचा मोठा भाग गिळत असेल, तर तुला बातमीदारीची नोकरी परवडणार नाही. मग तू नाइलाजाने जास्त पगाराच्या जनसंपर्काच्या नोकरीकडे वळशील. म्हणजे पत्रकार होण्यासाठी काढलेलं कर्जच तुला पत्रकारितेतून बाहेर काढेल. हे मी अनेक हुशार मुलामुलींच्या बाबतीत घडताना पाहिलं आहे आणि दरवेळी हळहळ वाटली आहे. बाबांच्या शेजारी बसून एका कागदावर मांड: चार वर्षांची पूर्ण फी, दरवर्षी ती किती वाढू शकते, राहणं-खाणं, लॅपटॉप, आणि विनावेतन इंटर्नशिपच्या महिन्यांचा खर्च. हा शेवटचा खर्च बहुतेक जण विसरतात. मग बँकेला हप्ता विचार आणि नुकत्याच नोकरीला लागलेल्या एखाद्या बातमीदाराला पगार विचार. मामा यात सगळ्यात जास्त उपयोगी पडेल, त्याच्या ओळखीतले तरुण वार्ताहर खरे आकडे सांगतील. बाबा प्रेमापोटी 'होऊन जाईल' म्हणतील. तू मात्र कागद समोर ठेव.

एआयबद्दल फार लिहीत नाही. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था २०१४ पासून कंपन्यांच्या तिमाही निकालांच्या ठरावीक बातम्या सॉफ्टवेअरकडून करून घेते, तेव्हा हा बदल काल-परवाचा नाही. साच्यातली कामं जातील, त्यातली बरीच गेलीही. 'सभा उत्साहात पार पडली' हे यंत्र तुझ्याहून लवकर लिहील. ग्रंथालयाच्या काउंटरवर जाऊन 'जागा का भरली नाही?' असं विचारायला मात्र माणूसच लागेल.

बुजरेपणाचं म्हणशील, तर कॅमेऱ्यासमोर बोलणं हा पत्रकारितेचा एक छोटा कोपरा आहे. उपसंपादक, शोधपत्रकार, माहितीच्या तक्त्यांवर काम करणारे, तथ्य पडताळणारे, यांतले कितीतरी जण अबोल असतात. अबोल माणसासमोर समोरचा जास्त बोलतो, हेही मी पाहिलंय. तुला एकच गोष्ट जमवावी लागेल: अनोळखी माणसाला फोन करून प्रश्न विचारणं. ते सगळ्यांनाच सुरुवातीला जड जातं. प्रश्न आधी कागदावर लिहून घे, पहिलं वाक्य पाठ कर, आणि उत्तर नीट कळलं नाही तर 'पुन्हा सांगाल का?' म्हणायची लाज बाळगू नकोस.

मग मी काय करीन? तुझ्या पत्रातून जेवढं कळतं तेवढ्यावरून मी अर्थशास्त्राकडे झुकते. २०१६ च्या पनामा पेपर्सचं उदाहरण घे. पनामातल्या एका वकिली कंपनीची १ कोटी १५ लाख कागदपत्रं फुटून पत्रकारांच्या हाती आली, पण ती वाचून कंपनीमागे कंपनी कशी लपवली जाते हे ज्यांना उलगडता येत होतं त्यांनाच त्यातून बातमी काढता आली. अर्थसंकल्प, ताळेबंद, महागाईचा दर हे न घाबरता वाचणारी पत्रकार कुठल्याही वृत्तकक्षाला हवीच असते. अर्थशास्त्र शिकताना त्या कॉलेजच्या अंकात लिही, अंक नसेल तर चार जणांना घेऊन काढ, सुट्टीत स्थानिक दैनिकात उमेदवारी कर. पदवीनंतरही ओढ कायम राहिली तर पत्रकारितेचा एक-दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम कर. तेव्हा तुला काय शिकायचंय ते नेमकं माहीत असेल, आणि पैसेही कमी लागतील.

पण हा कल आहे, निकाल नाही. त्या विद्यापीठात लहान तुकडी, लाल खुणांचे कागद, विद्यापीठालाच जाब विचारणारा अंक आणि वृत्तकक्षांत रुजलेले माजी विद्यार्थी, हे सगळं तुला खरोखर दिसलं आणि शिष्यवृत्तीमुळे कर्जाचा बोजा हलका झाला, तर बिनधास्त जा. तशी जागा मिळणं भाग्याचं आहे. अर्थशास्त्र तुला आवडतच नसेल, नुसती स्वस्त म्हणून ती जागा असेल, तरी मला लिही. न आवडणाऱ्या विषयात तीन-चार वर्षं रेटणं हाही खर्चच असतो, आणि मग इतिहास, कायदा, विज्ञान असा तिसरा पर्याय शोधता येईल.

ज्यांनी अशा पदवीला आधीच प्रवेश घेतलाय आणि आता हे वाचून पोटात गोळा आलाय, त्यांनी घाबरू नये. कॉलेज कसंही असलं तरी वर्गाबाहेर शिकण्यासारखं खूप आहे. बाहेरच्या एखाद्या संपादकाला आपली कॉपी तपासायची विनंती करा. बरेच जण नाही म्हणतात, एखादा हो म्हणतो, आणि तेवढा पुरतो. ऐच्छिक विषयांत अर्थशास्त्र, कायदा किंवा सांख्यिकी घ्या. मातृभाषेत आणि आणखी एका भाषेत सफाईने लिहिता येईल असं बघा, कारण बातमी मिळते एका भाषेत आणि कागदपत्रं असतात दुसऱ्या. प्रसिद्ध झालेलं प्रत्येक काम जपून ठेवा. नोकरीच्या मुलाखतीत गुणपत्रिकेआधी तेच मागतात.

राहिले तुझे पंधरा दिवस. या आठवड्यात विद्यापीठाला ईमेलने तीन गोष्टी विचार: प्रवेश रद्द केल्यास किती रक्कम परत मिळते आणि कोणत्या तारखेपर्यंत, पुढच्या वर्षांत फी किती वाढू शकते, आणि या पदवीला कोणत्या नियामक संस्थेची मान्यता आहे. मान्यतेचं उत्तर आलं की ते त्या संस्थेच्या यादीत स्वतः ताडून बघ. फोनवर दिलेलं आश्वासन धरू नकोस, लेखी उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका असं बाबांनाही सांग. मधल्या दिवसांत तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भेटून ये, आणि जाताना मामाला बरोबर ने. तपासलेली कॉपी खरी तपासलेली आहे की नुसती सही केलेली, हे त्याला एका नजरेत कळेल.